आवतणाच्या वहीतली आठ नावं

आई जाऊन पाच महिने झाले. तिच्या आजारपणात तिला बघायला आली नसतील एवढी माणसं या पाच महिन्यांत तिच्या गाण्याबद्दल मला समजावून सांगायला आली. एक जण म्हणाले, ही आपल्या संस्कृतीची ठेव आहे. कुठल्याशा संस्थेच्या एक बाई फोनवर म्हणाल्या, हा सलोख्याचा अमूल्य ठेवा आहे, तुम्ही फक्त आमच्या माइकसमोर दहा मिनिटं बसा. आमच्या गावच्या समितीचे अध्यक्ष म्हणाले, गाणं चांगलंच आहे, थोडी साफसफाई केली की झालं. तिघांपैकी एकानेही ते गाणं पुरतं ऐकलेलं नव्हतं. मी ऐकलं होतं. तरी माझी स्थिती त्यांच्याहून फार बरी नव्हती, हे मला पुढे कळलं.

आई धवलारीण होती. आमच्या आगरी लोकांत लग्न लावणाऱ्या बाईला धवलारीण म्हणतात. पूर्वी तिच्या गाण्यावरच लग्न लागायचं. आता भटजी असतात, डीजे असतो, आणि दोघांच्या मधल्या वेळात तिला जागा करून देतात. मांडवाच्या दिवशी सकाळी आई तांदळाच्या पिठाने चौक भरायची, पुढ्यात सूप घ्यायची आणि आवतण गायची. आवतण म्हणजे आमंत्रण. माणसांना पत्रिका जातात. ज्यांना पत्रिका जात नाही त्यांना हे. एक नाव घ्यायचं, त्याची एक ओळ गायची, सुपात एक विडा ठेवायचा. ओळीचा पहिला अर्धा भाग आईचा. दुसरा अर्धा तिच्या जोडीदारणीचा. मग मांडवातल्या बायका तो दुसरा अर्धा उचलायच्या.

आता माझ्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. घरात मृत्यू झालेला, त्यामुळे वर्षाच्या आत कार्य उरकायचं असं मोठ्यांनी सांगितलं. भाची एका गोदामात डिस्पॅचचं काम बघते, दिवसभर ट्रक ड्रायव्हरांशी हिंदीत भांडते, आणि तिला कशाचंही फार कौतुक नसतं. पण तिची एकच अट होती.

"आत्या, आजीनं आईच्या लग्नात म्हटलेलं तेच आवतण मला पाहिजे. पूर्ण. तिनं मला कबूल केलं होतं. नसेल जमत तर मी रजिस्टर करते आणि सगळ्यांना बिर्याणी खायला घालते."

"जमेल," मी म्हटलं. "वही आहे."

वही होती. आईचं सगळं गाणं मी स्वतःच कॉलेजात असताना उतरवून घेतलेलं. म्हणून मी एवढी निर्धास्त होते.

इथे थोडं आमच्या जागेबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं भांडण तिच्यावरूनच झालं. मी तीस वर्षं भिवंडीतल्या एका मराठी शाळेत इतिहास शिकवला. पुस्तकातली राज्यं धडा एक, धडा दोन अशी शिस्तीत येतात आणि स्वाध्याय सोडवून निघून जातात. भिवंडी त्या पुस्तकात जवळजवळ नसायचीच. ती कधी कुणाची राजधानी नव्हती. ती नेहमी कुणाच्या तरी राज्याची कड होती. खाडीच्या पलीकडे वसईचा फिरंगी, अलीकडे कधी निजामशाही, कधी आदिलशाही, मग मोगल, मग मराठे. शेवटी गोरा साहेब आला तेव्हा दोन्ही किनारे एकाच सरकारचे झाले आणि जकातीच्या चौक्या तेवढ्या हलल्या. आमचे लोक मधल्या चिखलात मीठ पिकवत होते. भरतीचं पाणी कुठलं राज्य बघून आत येत नाही. सकाळी एका सुलतानाच्या हद्दीत असलेला माणूस दुपारी बांध फुटला की फिरंग्याच्या हद्दीत दुरुस्तीला जात असणार. कर मात्र दोघांनाही द्यायचा.

प्रत्येक राज्य जाताना एखादा दगड ठेवून गेलं. गावाच्या शिवेवर शिलाहारांच्या काळचा एक दगड आहे. त्यावर दान दिलेली जमीन हिसकावणाऱ्याला शाप कोरलेला आहे, आणि तो शाप चित्रात कसा दाखवलाय ते मी मुलींच्या वर्गात कधी सांगू शकले नाही. गावाने त्याला शेंदूर फासून राखणदार केलं. मिठागराच्या दांड्यावर, म्हणजे उंच बांधावर, पिराचं थडगं आहे. खाडीच्या तोंडाशी अर्धा मोडलेला दगडी क्रूस आहे. गावातल्या बायका त्याला फिरंगीण म्हणतात. ती बाई आहे असं त्यांनी केव्हा ठरवलं, कुणास ठाऊक. आणि वर वज्रेश्वरीला देवीचं देऊळ, वसई जिंकण्यासाठी मराठ्यांनी बोललेल्या नवसाचं, किल्ल्यासारख्या पायऱ्यांचं.

हे सगळे आईच्या सुपात होते. मी असं धरून चालले होते.

शेठ आला तो रविवारी सकाळी. शेठ म्हणजे समितीचा अध्यक्ष, माझ्या धाकट्या भावाचा शाळासोबती. लहानपणी आमच्या ओट्यावर बसून आईच्या हातची भाकरी खायचा तेव्हा मी त्याला नावाने हाक मारायचे. मिठागरं गेली, तिथे गोदामं आली, तेव्हापासून सगळे त्याला शेठ म्हणतात. मीही म्हणते आणि दर वेळी मला माझाच राग येतो. आमच्या वाटणीची जमीनही त्याच्याच गोदामाला भाड्याने दिलेली आहे, त्यामुळे तो आला की भाऊ खुर्ची पुसतो.

त्याने एक गुळगुळीत कागदाची पुस्तिका टेबलावर ठेवली. वर वज्रेश्वरीचा फोटो, खाली त्याचा स्वतःचा, हात जोडलेला.

"ताई, समितीनं ठरवलंय, गावातल्या सगळ्या लग्नांत एकच आवतण. सिस्टिमॅटिक. प्रत्येक म्हातारी वेगळं म्हणते, मग बाहेरचे पाहुणे हसतात. आईंच्या आठवणीसाठी छापलंय. मागे त्यांचं नाव पण टाकलंय."

मी उघडून पाहिलं. आठ ओळी होत्या. गणपती, गावदेवी, वज्रेश्वरी, खाडी, राखणदार, उंबराचं झाड, पूर्वज, सोयरे.

"यात पीर नाही," मी म्हटलं. "फिरंगीण नाही."

"ती काढलीच पाहिजेत ना ताई. आपल्या लग्नात त्यांचं काय काम? ज्यांनी आपल्यावर राज्य केलं त्यांना पानविडा द्यायचा? तुम्ही इतिहासाच्या बाई, तुम्हाला मी सांगायचं?"

मग मी सांगायला लागले, आणि इथेच माझी नेहमीची चूक झाली. मी वर्गात असल्यासारखं बोलायला लागले. हद्द कशी सरकत गेली, आदिलशाही कुठपर्यंत, फिरंगाण कुठपर्यंत. आपण ज्याला आपलं म्हणतो ते बोलणं, ते कपडे, तो पाव, ती जकात, शेतसाऱ्याचे शब्द, कशाकशात किती राज्यांचा हात आहे. तू कालच म्हणालास ना, 'जमिनीचा फेरफार तहसीलदाराकडे अडकलाय'? त्यातला एकेक शब्द कुठून आला ते बघ. शेठ मोबाइल बघत होता. भाऊ दारात उभा राहून मला डोळ्यांनी गप्प बस म्हणत होता.

माझं संपल्यावर शेठ अगदी गोड आवाजात म्हणाला, "ताई, हे सगळं पुस्तकातलं झालं. पण आईंच्या वहीतच हे नाही, तर आम्ही काय करणार?"

"कुठल्या वहीत?"

"ही काय. तुमच्या भावानंच झेरॉक्स दिली. आम्ही एक अक्षर बदललं नाही."

त्याने पुस्तिकेच्या मागून चार पानं काढली. निळ्या शाईचं, उजवीकडे कललेलं माझं अक्षर. तारीख नव्हती, वर मोठ्या दिमाखात लिहिलं होतं: 'आवतण, संकलन व संपादन'. खाली आठ ओळी. त्याच क्रमाने.

मी पानं जुळवून त्याला परत दिली. शेठला वाटलं, पटलं. "टेन्शन नका घेऊ ताई," तो उठताना म्हणाला, "मी हळदीला स्वतः येतो, माइक पण आपलाच."

तो गेल्यावर भाऊ म्हणाला, "आता विषय बंद कर. लग्न आठ दिवसांवर आलंय आणि भाड्याचा करार पुढच्या महिन्यात संपतोय."

मी भिवंडीत टेमघरला माझ्या घरी आले आणि मूळ वही काढली. झेरॉक्स खोटी असेल अशी मला आशा होती की काय, देव जाणे.

एकोणीस वर्षांची होते मी. गावातून कॉलेजला जाणारी पहिली मुलगी, आणि हे मी कुणाला विसरू देत नसे. त्या वर्षांत शहरात माणसांची एकमेकांकडे बघायची रीत बदलली होती. कापडाच्या लूमवर शेजारी शेजारी काम करणारी माणसं संध्याकाळी वेगवेगळ्या वाटांनी घरी जायला लागली होती. कॉलेजात आम्हाला शुद्ध परंपरा या विषयावर निबंध होता. मी ठरवलं, आईचं गाणं लिहायचं. दुपारी ओट्यावर ती सुकट निवडत बसलेली, मी वही घेऊन पुढ्यात. ती गायची, मी थांबवायची. पिराची ओळ आली तेव्हा मी म्हटलं, ही मागाहून घुसलेली दिसते. फिरंगिणीची आली तेव्हा म्हटलं, ही तर अगदीच विसंगत आहे. निबंधात ती नावं शोभणार नाहीत एवढंच खरं होतं. वर्गात वाचून दाखवताना मला त्यांची लाज वाटली असती. गणपती आईच्या गाण्यात कुठेतरी मधे यायचा. मी त्याला पहिला आणला. वज्रेश्वरी वर आणली. आईने एवढं सगळं बघून सुकटीतला खडा बाजूला फेकला आणि म्हणाली, "लिव तुना पायजे तसा. मी म्हनीन माना पायजे तसा."

निबंधाला पहिला क्रमांक मिळाला. त्यानंतर मी आवतण पुन्हा कधी नीट ऐकलं नाही. लिहून झालं होतं ना. आई शेकडो लग्नांत गायली. मी त्यातल्या किती लग्नांत जेवणाची व्यवस्था बघत होते, नाहीतर शाळेचे पेपर तपासत होते. आता शेठवर चिडावं तर तो माझंच संपादन छापत होता. माझ्याआधी कुठल्याही सुलतानाला किंवा साहेबाला आईच्या सुपात हात घालायचं सुचलं नव्हतं. त्यांना त्या सुपाची माहितीच नव्हती. ती मला होती.

दोन दिवस मी स्वतःला शिव्या दिल्या. तिसऱ्या दिवशी वज्रेश्वरीची बस पकडली.

आईची जोडीदारीण वज्रेश्वरीच्या अलीकडे एका वस्तीवर राहते. सगळे तिला मावशी म्हणतात. ऐंशीच्या पुढची, एका डोळ्याने दिसत नाही, पण आवाज अजून मिठासारखा खरखरीत आणि लांब जाणारा. अंगणात पाय पसरून ती कोंबड्यांना शिव्या देत होती.

"आली का मास्तरीन," ती म्हणाली. "आये गेली तवा आलीस, मंग आता येतंस. मदी मी जिती हाय का मेली, कोन बगतं?"

मी चूक कबूल केली. ती मान्य होईपर्यंत चहा झाला, मग मी आवतणाबद्दल विचारलं.

"म्हनीन ना. मी न्हाय म्हननार तर कोन?" तिने घसा साफ केला आणि थांबली. पुन्हा घसा साफ केला. "तू पयला धर."

"मी काय धरू?"

"अगो, तुजी आय धरायची ना पयला! मी मागचा म्हनायची. पन्नास वर्सं मी मागचाच म्हनला. पयला तिच्या तोंडात होता, मना कशाला पायजे?"

असं होतं तर. गाण्याचं अर्धं अंग मातीत गेलं होतं आणि अर्धं माझ्यासमोर बसून तंबाखू मळत होतं. मी वही उघडली. ओट्यावर आई एकटीच गात होती, म्हणून आठ ओळींचे फक्त पहिले अर्धे भाग माझ्याकडे होते. मी वाचलं, मावशीने पुढचा अर्धा लावला. गाताना तिचा चेहरा वर आभाळाकडे जायचा आणि डोळा मिटायचा. आठ झाल्या.

"संपला?" मावशीने डोळा उघडला. "अजून तीन हायत."

"कशावरून?"

"अकरा इडे लावायची ना मी. मीच पुसायची पानं. आठ कवा झाले? आठ इड्यांत लगीन लागतं का, शेजाऱ्याचा बारसा हाय काय?"

मग ती उरलेले तीन अर्धे शोधायला लागली. एकदम आठवत नव्हते. ती कोंबड्यांकडे बघून गुणगुणायची, बोटांवर काहीतरी मोजायची, माझ्यावर चिडायची. पहिला आला: हिरवी चादर मांडवाव सावली कर. हा पिराचा, त्यात शंकाच नव्हती. तो ऐकल्याबरोबर माझ्या कानात आईचा आवाज उघडला. दांड्याव बसलेल्या बाबा, आवतान तुला. मी तो म्हटला, मावशीने पुढचा लावला, आणि आम्ही दोघी एकदम हसलो, का ते माहीत नाही. दुसरा: तुजे मेनबत्तीला वारा न लागो. फिरंगीण. तिचा पहिला अर्धा भाग मला आठवायला तास लागला. मावशी तोवर शेजारणीला माझी ओळख करून देत होती: "ही तिची लेक, लय शिकली, आयेचा गाना आयेला शिकवायची."

तिसरा अर्धा भाग होता: तुजे घोऱ्याला हिरवा चारा देतू.

"हा कोणाचा?" मी विचारलं.

"मना काय ठावं? घोऱ्याव बसतो त्याचा."

मी खूप विचार केला. मला उत्तर हवं होतं. इतिहासाच्या बाईंना उत्तर नाही ही गोष्टच मला सहन होत नाही. घोड्यावर कोण आलं? सगळेच घोड्यावर आले. मोगलांचा फौजदार असेल. पेशव्यांचा स्वार असेल. जमीन मोजायला आलेला गोरा साहेब असेल, त्याच्याकडेही घोडा होताच. कदाचित ह्या सगळ्यांच्याही आधीचा कुणी. मी एकेक नाव मावशीपुढे टाकलं आणि ती मान हलवत राहिली. मीच तो कापला होता. अजून एक विसंगत, असं म्हणून. आणि कापताना बघितलंही नव्हतं, कोण आहे ते.

जाता जाता मी तिला संस्थेच्या बाईंचं सांगितलं. म्हटलं, त्या म्हणतात, हे गाणं म्हणजे सर्व धर्मांबद्दलचं प्रेम आहे.

मावशी तंबाखूची पिंक टाकून म्हणाली, "पिरेम? पिराला न्हाय बोलावला तर त्यो बांध फोरतो. फिरंगीन न्हाय आली तर पोरांना ताप येतो. घोरेवाला न्हाय बोलावला तर कोटार लुटतो. पिरेम कसला? ज्यानं ज्यानं आपल्याला छळला, त्याला मांडवात पुढं बसवायचा. पोट भरला का मंग गप रेतो."

एवढं साधं होतं. तीस वर्षं मी मुलांना राज्यं का आली आणि का गेली याची कारणं लिहून देत होते, पाच गुणांसाठी पाच मुद्दे. हा सहावा मुद्दा कुठल्या पुस्तकात नव्हता. शेठच्या मते त्या दगडांपुढे विडा ठेवणं म्हणजे गुलामी, आणि संस्थेच्या बाईंच्या मते सलोखा. आमच्या बायकांना दोन्ही परवडणारं नव्हतं. त्या कडेवर राहत होत्या, जिथे उद्या कोण येईल याचा भरवसा नसतो, म्हणून त्यांनी कुणाचंही नाव सुपातून काढलं नाही. काढणारी मी निघाले, कारण मला वाटलं, आता कड संपली, आता मी मध्यभागी आले.

मांडवाच्या दिवशी मावशीला तिच्या भाच्याने गाडीतून आणलं. चौक भरून झाला. ओल्या फडक्याने पुसलेल्या पानांचे अकरा विडे मी सुपाशेजारी मांडले. गावातल्या चाळीसेक बायका, कडेला पुरुष, आणि शेठ आपल्या माइकसह. त्याने प्रत्येक बाईच्या हातात पुस्तिका दिली होती. उकाडा होता, त्यामुळे तिचा वारा घ्यायला उपयोग होत होता.

मी माइकपाशी गेले. मी बोलणारी नाही. वर्गात बोलत होते ते धड्याच्या आधाराने. मी म्हटलं, "ही पुस्तिका माझ्या वहीवरून छापलीय. वही चुकीची आहे. आईच्या आवतणात अकरा नावं होती. तीन मी काढली होती, कॉलेजात असताना. आईनं नाही."

वारा घेणाऱ्या पुस्तिका थांबल्या. भाऊ जमिनीकडे बघत होता. शेठ जागेवरूनच म्हणाला, आवाज न चढवता, "म्हणजे ताई, तेव्हा खोटं लिहिलं, का आता खोटं बोलताय?"

प्रश्न चांगला होता. मी विद्यार्थ्याला त्यासाठी गुण दिले असते.

"तेव्हा," मी म्हटलं.

"मग पुराव्याला काय आहे?"

"मी हाय," मावशी खाली बसल्या बसल्या ओरडली. "शेठ, तुजे लग्नात आमी दोघीनीच म्हनलेला. तवा पीर बोलावला तो तुना चालला. आता गोदाम झाला तर चालत न्हाय?"

बायका हसल्या. शेठ लाल झाला. "मावशे, तवा मी नवरा होतो. मना काय आयकू येत होता?"

"नवऱ्याला आयकू येत न्हाय, खरा हाय," मावशी म्हणाली. "बस आता. इडा लाव गो पोरी."

भाचीने हळदीच्या साडीत सूप पुढे ओढलं. गाणं सुरू झालं. पहिला अर्धा भाग मी धरला, कारण दुसरं कोणी नव्हतं. माझा आवाज वाईट आहे. आईचा जाडा, सरळ आवाज जिथे चढायचा तिथे माझा फाटला. पिराच्या ओळीला मागच्या दोन-तीन बायका गप्प राहिल्या आणि बाकीच्यांनी उचलली. फिरंगिणीची ओळ सगळ्यांनी उचलली. तिच्याबद्दल कुणाचं काही म्हणणं दिसलं नाही. शेठ उठून गेला नाही. मोबाइल मात्र बघत राहिला.

अकरावी ओळ आली. मावशी आभाळाकडे तोंड करून थांबली, पन्नास वर्षांची सवय. पहिला अर्धा भाग यायची वाट बघत. मी काहीच म्हटलं नाही. माझ्याकडे काही नव्हतं. एखादं नाव मी तिथे घालू शकले असते, कुणाला कळलंही नसतं. तेच मी एकदा केलेलं होतं. चाळीस बायका माझ्याकडे बघत होत्या आणि मावशीने एक डोळा उघडून माझ्यावर रोखला. मग तिनेच मागचा अर्धा भाग उचलला, नुसता: तुजे घोऱ्याला हिरवा चारा देतू. बायकांनीही तेवढाच म्हटला.

भाचीने विडा हातात धरून विचारलं, "आत्या, हा कोणाचा?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "ठेव."

लग्न झालं. भाड्याचा करारही झाला. भाऊ उगाच घाबरला होता, शेठ गाण्यासाठी पैसे सोडणाऱ्यातला नव्हे. उलट दोन आठवड्यांनी त्याचा फोन आला. "ताई, मॅटर संपवू. दुरुस्त प्रत द्या, अकरा ओळी. लोक विचारतायत." मी अकरा ओळी स्वच्छ लिहून दिल्या. अकरावीचा पहिला अर्धा भाग रिकामा ठेवला, टिंबं दिली, आणि बाजूला लिहिलं: मूळ शब्द उपलब्ध नाहीत, कृपया जागा मोकळी ठेवावी. 'कृपया'खाली रेघ मारली.

नवी पुस्तिका आली. पीर होता, फिरंगीण होती. शेवटच्या पानावर, छापणाऱ्याला टिंबं ही चूक वाटली की शेठला ती जागा वाया गेलेली दिसली, देव जाणे, ओळ पूर्ण केलेली होती. 'गावच्या समितीच्या अध्यक्षा, आवतान तुला, तुजे घोऱ्याला हिरवा चारा देतू.' पाचशे प्रती.

मी तडक बसने वज्रेश्वरीकडे निघाले. मावशीच्या अंगणात पुस्तिका उघडून मी ती ओळ वाचून दाखवली.

मावशीने पुस्तिका हातात घेतली, उलटी धरली आणि शेठच्या फोटोकडे बराच वेळ बघितलं.

"छापला ना?" ती म्हणाली. "मंग आता याला बोलवावाच लागंल. बारावा इडा लाव."

मी तिच्यासमोर बसून वहीत बारावी ओळ लिहिली. शेठला त्याची वेगळी दिली. अकरावीतली टिंबं तशीच ठेवली, आणि शाई सुकेपर्यंत वही मिटली नाही.